टेबलावरचा समुद्र कसा रंगवावा?

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला करणे ही आपल्याकडची जुनी रीत. डोंगरी किल्ला करायला सोपा असतो. माती, दगड, पोते, वर आळिवाची हिरवळ आणि पायऱ्यांवर मावळे मांडले की झाले. पण एखाद्या मुलाने जलदुर्ग करायचा हट्ट धरला की मात्र अडचण येते. समुद्र कसा दाखवायचा? बहुतेक मुले निळा कागद अंथरतात, नाहीतर फळीला नीळ फासतात. मग त्यावर पुठ्ठ्याची गलबते ठेवतात आणि लढाई सुरू होते.

जुहूच्या काही मुलांबरोबर आम्ही असाच एक खेळ मांडला होता. विषय होता १६७९ ची खांदेरीची लढाई. मोठी फळी घेतली, ती सुरेख निळी रंगवली, मधोमध खांदेरीचे बेट ठेवले. एका बाजूला इंग्रजांची फ्रिगेट 'रिव्हेंज', दुसऱ्या बाजूला मराठ्यांचे मचवे, गलबते आणि गुराबा. फासे टाकून खेळ सुरू झाला आणि दर वेळी इंग्रजच जिंकू लागले. मोठे जहाज हवे तिथे जाई आणि लहान होड्यांना गाठून बुडवी. मुले हिरमुसली. एक मुलगी म्हणाली, "पण खरे तर असे झाले नव्हते ना?"

तिचे म्हणणे बरोबर होते. चूक फाशांची किंवा नियमांची नव्हती. आम्ही समुद्र चुकीचा रंगवला होता.

खांदेरीला काय घडले?

खांदेरी हे बेट रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळ गावासमोर आहे. नकाशा काढून पाहा. जुहूच्या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेला, जवळजवळ त्याच रेखावृत्तावर, सुमारे ४५ किलोमीटरवर ते सापडेल. मुंबई बंदराच्या तोंडावर नजर ठेवायला ही जागा फार मोक्याची. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकडे या बेटाची तटबंदी करण्याचे काम सोपवले. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला बेटाजवळ गेलेला त्यांचा एक अधिकारी, लेफ्टनंट थॉर्प, मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालचे मराठी आरमार इंग्रजांवर चालून आले आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांचे एक गुराब मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज'वर कॅप्टन मिनचिन आणि केग्विन होते. त्यांच्या तोफांनी मराठी होड्यांना मागे रेटले, तेव्हा त्या होड्या खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात शिरल्या.

म्हणजे समोरासमोरच्या तोफबाजीत मोठे जहाज सरस होते. तरीही नाकेबंदी फसली. मराठ्यांचे मचवे रात्रीच्या अंधारात किनाऱ्यालगतच्या पाण्यातून वल्ही मारत बेटावर रसद पोचवत राहिले आणि इंग्रजांना ते अडवता आले नाहीत. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यांत खांदेरीही आहे.

वाऱ्याचा भाग यात होताच. वल्ह्यांच्या होडीला वारा नसला तरी चालते, शिडाच्या जहाजाला चालत नाही. दुसरे कारण मात्र पाण्याखाली होते. खांदेरी, तिच्या शेजारची उंदेरी आणि थळचा किनारा यांच्यामधला समुद्र उथळ आणि खडकाळ आहे. ज्या जहाजाचे बूड खोल, त्याला तिथे बिनधास्त शिरता येत नाही. सपाट बुडाच्या लहान होडीला मात्र तोच उथळ भाग आडोसा ठरतो.

जमिनीवरच्या लढाईत डोंगर, दरी, नदी डोळ्यांना दिसतात. समुद्रावरच्या लढाईत डोंगर आणि दऱ्या पाण्याखाली असतात. आमच्या निळ्या फळीवर त्या नव्हत्याच. म्हणून खेळात मोठे जहाज प्रत्येक ठिकाणी बलवान ठरले.

असे खेळ कोण खेळत असे?

टेबलावरच्या आरमारी खेळांना मुलांचा वेळ घालवण्याचे साधन समजू नये. स्कॉटलंडच्या जॉन क्लार्क यांनी कधीही आरमारात नोकरी केली नव्हती. पण टेबलावर लाकडी जहाजे सरकवून त्यांनी आरमारी डावपेचांचा अभ्यास केला आणि १७८२ मध्ये त्यावर निबंध छापला. १८९८ मध्ये इंग्लंडच्या फ्रेड जेन यांनी आरमारी खेळाचे नियम प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि ब्रिटिश नौदलातल्या तरुण स्त्रिया यांनी एका खोलीच्या जमिनीवर अटलांटिक महासागर मांडला. जर्मन पाणबुड्यांपासून मालवाहू जहाजांचे तांडे कसे वाचवायचे, हे तिथे खेळून शोधले जाई. खेळणारे अधिकारी पडद्याच्या फटीतून पाहत. आपल्या जहाजांचा पांढऱ्या खडूने आखलेला मार्ग त्यांना दिसे. पाणबुड्यांचा मार्ग हिरव्या खडूने आखलेला असे आणि तो पडद्याआडून दिसत नसे. कोणाला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे तिथे रंगाने ठरवले होते.

आपल्या फळीवरही रंगाला असेच काम द्यायचे आहे.

आधी प्रमाण ठरवू

समजा आपल्याकडे १२० सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद प्लायवूडची फळी आहे. तिच्यावर १२ किलोमीटर बाय ८ किलोमीटर समुद्र बसवायचा आहे. मग १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, म्हणजेच प्रमाण १ : १०,०००. खांदेरी आणि किनारा यांच्यात साधारण साडेचार किलोमीटर अंतर धरले तर ते ४५ सेंटिमीटर होईल.

आता बेटाची टेकडी ३० मीटर उंच धरू. या प्रमाणात ती होईल फक्त ३ मिलिमीटर! दोन पुस्तकांची पुठ्ठ्याची वेष्टने एकमेकांवर ठेवावीत, इतकीच. म्हणून उंचीचे प्रमाण वेगळे घ्यावे लागते. ती पाचपट वाढवली की टेकडी १५ मिलिमीटर होते. ३ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे पाच थर लावले की काम झाले. प्रत्येक थर म्हणजे ६ मीटर. थरांच्या कडा म्हणजेच भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

जहाजांचे काय? २५ मीटर लांबीचे जहाज या प्रमाणात अडीच मिलिमीटरचे होईल. ते बोटांनी धरता येणार नाही. म्हणून जहाज ३ सेंटिमीटरचे करावे आणि जहाजाचे प्रमाण जमिनीच्या प्रमाणाहून वेगळे आहे, हे उघडपणे मान्य करावे. जवळजवळ सर्व आरमारी खेळांत ही तडजोड असते. मात्र मुलांकडून एक हिशोब जरूर करून घ्यावा. आपल्या फळीवर ३ सेंटिमीटरच्या जहाजाने ३०० मीटर समुद्र व्यापला आहे. तोफेचा पल्ला ४०० मीटर धरला तर तो ४ सेंटिमीटर, म्हणजे जहाजाच्या लांबीपेक्षा थोडासाच जास्त. म्हणून अंतर नेहमी जहाजाच्या मध्यबिंदूपासून मोजायचे.

लाटांचाही हिशोब करा. दुकानात मिळणाऱ्या प्रतिकृतींवर समुद्राला सुंदर वळ्या पाडलेल्या असतात. आपल्या फळीवर ५ मिलिमीटरची वळी काढली तर ती किती उंच लाट झाली? सपाटीच्या प्रमाणात ५० मीटर, आणि उंचीच्या पाचपट प्रमाणात १० मीटर. अशा समुद्रात मचवा कोण घालेल? म्हणून फळी सपाटच ठेवावी.

निळा रंग कुठे द्यायचा?

शाळेचा नकाशासंग्रह उघडा. त्यात उथळ समुद्र फिकट निळा आणि खोल समुद्र गडद निळा असतो. आता खलाशांचा नकाशा पाहा. आपल्या देशात असे नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करते. त्यात नेमके उलटे असते. खोल पाणी पांढरे सोडलेले असते आणि उथळ भागाला निळा रंग दिलेला असतो. ओहोटीला उघडी पडणारी जागा हिरवट आणि जमीन पिवळसर असते.

असा फरक का? नकाशासंग्रह वाचणाऱ्याला महासागर किती खोल आहे हे पाहायचे असते. खलाशाला आपले जहाज कुठे रुतेल हे पाहायचे असते. खोल पाणी त्याला निर्धोक, म्हणून तिथे रंगाची गरज नाही. जिथे धोका, तिथे रंग.

आम्ही फळी दुसऱ्यांदा रंगवली ती खलाशाच्या रीतीने. मुलांनी लगेच तक्रार केली, "समुद्र पांढरा कुठे असतो?" आम्ही त्यांना जुहूच्या किनाऱ्यावर नेले आणि विचारले, "मग निळा तरी कुठे आहे?" समोरचे पाणी राखाडी-तपकिरी होते.

स्वच्छ पाणी प्रकाशातला तांबडा भाग लवकर शोषून घेते. पाच-दहा मीटर खोलीपर्यंत तांबड्या प्रकाशाचा बहुतेक भाग संपतो, निळा मात्र बराच खोल जातो. म्हणून स्वच्छ खोल समुद्र निळा दिसतो आणि पांढऱ्या वाळूवरचे उथळ पाणी हिरवट-निळे दिसते. अशा ठिकाणी खलाशाला पाण्याच्या रंगावरून खोलीचा अंदाज येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर खाड्यांतून आलेला गाळ भरतीओहोटीच्या प्रवाहात सतत ढवळला जातो. गाळाचे कण प्रकाश विखुरतात आणि तळ दिसू देत नाहीत. एक मीटर खोल पाणी आणि दहा मीटर खोल पाणी वरून जवळजवळ सारखेच दिसते.

वर्गात करून पाहा : काचेच्या उंच बरणीत पाणी भरून तळाशी नाणे टाका. वरून पाहत चमचा चमचा बारीक माती मिसळा आणि ढवळा. नाणे कितव्या चमच्याला दिसेनासे झाले? बरणीत पाणी अर्धेच घेतले तर किती चमचे लागतात? इटलीचे सेक्की यांनी १८६५ मध्ये अशीच पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून पाण्याचा पारदर्शकपणा मोजला होता. ती पद्धत आजही वापरात आहे.

थोडक्यात, आपला समुद्र हुबेहूब रंगवला तर फळी सगळीकडे सारखी तपकिरी होईल आणि लढाईचा निकाल ठरवणारी गोष्टच दिसणार नाही. परक्या जहाजाच्या कप्तानाला ती अशीच दिसत नव्हती. दोरीला शिसे बांधून खोली मोजत मोजत त्याला पुढे सरकावे लागे. तिथल्या कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना मात्र तो तळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावरामुळे पाठ होता.

रंगकाम

फळीला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रंगाचा हात द्या. एकाच बाजूला दिला तर ती बाजू ओलावा वेगळ्या गतीने घेते व सोडते आणि फळी वाकते. रंग वाळल्यावर किनारा, बेटे आणि समान खोलीच्या रेषा पेन्सिलने काढा. आम्ही पाच पट्टे घेतले आणि प्रत्येक पट्ट्यावर मीटरमधला एक आकडा लिहिला : उणे १, ०, २, ५ आणि १०. हा आकडा म्हणजे अगदी तळाच्या ओहोटीला तिथे असणारे पाणी. उणे १ म्हणजे ओहोटीला ती जागा पाण्याच्या एक मीटर वर उघडी पडते.

उणे १ चा पट्टा हिरवट, ० चा गडद निळा, २ चा मध्यम निळा, ५ चा अगदी फिकट निळा आणि १० चा पांढराच ठेवा. एकाच निळ्या पोस्टर रंगात पांढरा वाढवत गेलात की छटा एकमेकींशी जुळतात. गडद छटेपासून सुरुवात करू नका. आधी फिकट रंग सर्वत्र द्या आणि किनाऱ्याकडे जाताना एकेक गडद थर चढवा. पट्ट्यांच्या कडा बोटाने किंचित पुसून मऊ करता येतात, पण मधली रेषा स्पष्ट राहिली पाहिजे, नाहीतर खेळात भांडणे होतात. वर चकचकीत व्हार्निश लावू नका. ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून परावर्तित होतो आणि एका बाजूला बसलेल्यांना पट्टे दिसत नाहीत.

बेटासाठी थर्माकोल वापरू नये. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठा त्याहून चांगला टिकतो. थरांवर कागदाचा लगदा आणि गोंद लिंपून उतार करा. वाळल्यावर गडद तपकिरी रंग द्या. मग कुंचल्यावर फिकट मातकट रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि कोरडा कुंचला बेटावरून हलकेच फिरवा. फक्त उंचवटे रंग धरतात आणि खडक उठून दिसतो.

रंग नेहमीपेक्षा थोडे फिकट आणि धुरकट ठेवा. १ : १०,००० प्रमाणाची फळी एक मीटरवरून पाहणे म्हणजे खरा प्रदेश दहा किलोमीटर उंचीवरून पाहणे. इतक्या अंतरावरून मधल्या हवेमुळे रंगांचा भडकपणा उरत नाही. झाडाच्या पानाचा रंग जसाच्या तसा बेटाला दिला तर बेट खेळण्यासारखे दिसते.

भरती कशी दाखवायची?

डोंगर दिवसातून दोनदा बुडत नाहीत. समुद्राखालची जमीन मात्र सतत बदलत असते. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत साधारण साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो, मोठ्या उधाणाला तो साडेचार मीटरच्या पुढे जातो. भांगाच्या वेळी तो बराच कमी असतो.

आपण भरतीची पातळी ४.२ मीटर आणि ओहोटीची ०.६ मीटर धरू. फरक ३.६ मीटर. पाणी सहा तासांत उतरते, पण दर तासाला सारखे नाही. खलाशी त्यासाठी बारा भागांचा ठोकताळा वापरतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. आपला एक भाग ०.३ मीटरचा. म्हणून दर तासाची पातळी अशी येते : ४.२, ३.९, ३.३, २.४, १.५, ०.९, ०.६. हे आकडे आलेखावर मांडले की मध्ये तीव्र आणि टोकांना मंद असा वक्र मिळतो. वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना तो कोसाइन वक्राच्या जवळचा आहे हे दाखवता येईल.

पुठ्ठ्याच्या पट्टीवर हे सात आकडे लिहून ती फळीच्या कडेला लावा आणि त्यावर एक चिमटा सरकवा. पट्ट्यावरचा आकडा अधिक चिमट्याचा आकडा म्हणजे त्या वेळची खोली. खेळासाठी 'रिव्हेंज'चे बूड ३ मीटर, गुराबेचे २ मीटर आणि मचव्याचे १ मीटर धरा. आता ० च्या पट्ट्यावर काय होते पाहा. 'रिव्हेंज' दुसऱ्या तासापर्यंत तिथे तरंगते, तिसऱ्या तासाला २.४ मीटर पाण्यात रुतते. गुराब तिसऱ्या तासापर्यंत टिकते. मचवा चौथ्या तासापर्यंत जातो आणि पाचव्याला तोही बसतो. नुसत्या बेरजेवर सगळा डाव फिरतो!

बाकीचे नियम थोडेच ठेवा. एक पाळी म्हणजे १५ मिनिटे, चार पाळ्यांनी चिमटा एक घर पुढे. वल्ह्यांची होडी ताशी ४ किलोमीटरने चालली तर पाळीला १० सेंटिमीटर. शिडाचे जहाज वारा असेल तर १५ सेंटिमीटर, नसेल तर जागच्या जागी. वारा फाशावर ठरवा. रात्री ५ सेंटिमीटरपलीकडचे जहाज दिसत नाही असे धरा. मराठ्यांनी दगड आणि धान्य लादलेले आठ मचवे किनाऱ्यावरून बेटावर पोचवायचे, इंग्रजांनी ते अडवायचे.

खेळाने काय सिद्ध झाले?

नव्या फळीवर मुलांनी खेळ मांडला तेव्हा 'रिव्हेंज' चालवणारा मुलगा पहिल्याच डावात मचव्यांचा पाठलाग करत ० च्या पट्ट्यात शिरला आणि ओहोटीत अडकला. पुढच्या डावात तो बाहेरच थांबला, तेव्हा मचवे आतून निघून गेले. इंग्रजांची अडचण त्या मुलांना व्याख्यानाशिवाय समजली.

पण इथे शिक्षकांनी सावध राहावे. खेळाचा निकाल म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. आमच्या फळीवरच्या खोल्या आणि जहाजांची बुडे शिकवण्याच्या सोयीसाठी धरलेली आहेत. आपण जे नियम घालतो, त्यांतूनच निकाल निघतो. पुरावा कागदपत्रांतून आणि मोजमापांतून येतो. मग खेळाचा उपयोग काय? एखादे स्पष्टीकरण पुरेसे आहे का, हे त्यात तपासता येते. एका वेळी एकच गोष्ट बदला. खोली ठेवा पण रात्र काढून टाका. रात्र ठेवा पण समुद्र सगळीकडे खोल करा. भरतीऐवजी ओहोटीला सुरुवात करा. प्रत्येक प्रकारचे काही डाव खेळून निकाल वहीत मांडा. कोणती गोष्ट बदलल्याने निकाल सर्वांत जास्त बदलतो? प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो?

आता जुहूची फळी

खांदेरीची फळी झाल्यावर मुलांना आपल्याच किनाऱ्याची फळी करू द्या. त्यासाठी खोल्या धरण्याऐवजी मोजता येतील. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी असते, म्हणून दोन काठ्यांच्या जागांच्या उंचीतला फरक लगेच कळतो. दर दहा मीटरवर मोजत पुळणीचा उतार काढा. समजा उतार पन्नासास एक असा आला, तर पाणी ३.६ मीटर उतरल्यावर किनारा १८० मीटर मागे जाईल. मोजणी कोरड्या वाळूवर, ओहोटी लागल्यावर आणि मोठ्यांच्या सोबतीनेच करावी. पावसाळ्यात ती करूच नये. तळ न दिसणाऱ्या याच पाण्यात जुहूला माणसे बुडतात.

ही फळी रंगवताना एक जुनी गोष्ट मुलांना सांगा. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुहू हे साष्टीच्या पश्चिमेला असलेले वाळूचे अरुंद, लांबट बेट होते. ओहोटीला मधल्या खाजणातून चालत तिथे जाता येई. पुढे मधली जागा भरत गेली आणि बेट जमिनीला जोडले गेले. म्हणून मधल्या पट्ट्याला दोन रंग द्या : जुन्या फळीवर ओहोटीचा हिरवट आणि आजच्या फळीवर जमिनीचा पिवळसर. मग जुन्या फळीवर चिमटा ४.२ पासून ०.६ पर्यंत सरकवून विचारा, जुहू हे बेट आहे की नाही? उत्तर द्यायच्या आधी मुले घड्याळाकडे पाहतील.